ओक व्हिनिअर आणि घराचे फर्निचर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीच्या जंगलात ओकचे झाड उगवत नाही, आणि आपल्या सुतारकामाची परंपरा साग, शिसव, आंबा, फणस यांच्यावर पोसलेली आहे. तरीही गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या नव्या घरांत फिकट, मातकट सोनेरी रंगाचे ओक व्हिनिअर मोठ्या प्रमाणावर दिसू लागले आहे. लाकूड परके असल्यामुळे त्याचे स्वभाव घरमालकाला ठाऊक नसतात आणि पुष्कळदा ते लावणाऱ्या मिस्त्रीलाही ठाऊक नसतात. खालील प्रश्न बहुतेक त्या अनोळखीपणातूनच निर्माण झालेले आहेत.

ओक व्हिनिअर हे खरे लाकूड आहे, की लाकडासारखे दिसणारे दुसरे काही?

नैसर्गिक ओक व्हिनिअर हे खरे लाकूडच आहे, फक्त त्याची जाडी पापुद्र्याइतकी असते. ओकचा ओंडका गरम पाण्यात किंवा वाफेत मऊ करून धारदार पात्याने त्याचे साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीचे काप काढले जातात. आपल्याकडे हे काप बहुधा ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या प्लायवर चिकटवून ८ फूट बाय ४ फुटांच्या शीटच्या रूपात विकले जातात. लॅमिनेट, म्हणजे ज्याला बाजारात सनमायका म्हणतात, ते मात्र रेझिनमध्ये भिजवून दाबलेल्या कागदांचे बनलेले असते आणि त्यावरच्या लाकडाच्या रेषा छापलेल्या असतात. लॅमिनेट वाईट असते असे नाही, कारण ओरखडे आणि पाणी ते व्हिनिअरपेक्षा अधिक सोसते. परंतु त्याच्या रेषा ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येतात आणि ते खराब झाल्यावर घासून पुन्हा पॉलिश करता येत नाही.

मग अखंड ओकचेच फर्निचर का करून घेऊ नये?

परवडत असेल आणि काम छोटे असेल, उदाहरणार्थ जेवणाचे टेबल किंवा खुर्च्या, तर अवश्य करून घ्यावे. मोठ्या सपाट पृष्ठभागांचा विषय मात्र वेगळा आहे. लाकूड हवेतला ओलावा शोषून रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. जुलैतली मुंबईची हवा आणि वातानुकूलित खोलीतली हवा यांच्यात जे अंतर आहे, ते अडीच फूट रुंद अखंड फळीला वाकवायला किंवा चिरायला पुरेसे असते. प्लायमध्ये थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असल्यामुळे ही हालचाल बरीचशी रोखली जाते. कपाटाची शटर, पलंगाची पाठ, भिंतीवरचे पॅनेल यांसाठी म्हणूनच व्हिनिअर हा अखंड लाकडाचा केवळ स्वस्त पर्याय नाही, कित्येकदा तोच अधिक योग्य पर्याय असतो.

यात लाकडाची काटकसरही आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबाने एक घनमीटर लाकडातून, कापताना होणारी नासाडी बाजूला ठेवली तर, २,००० चौरस मीटर पृष्ठभाग झाकता येतो. तेवढ्याच लाकडाच्या २० मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढल्या, तर जेमतेम ५० चौरस मीटर मिळतात, आणि त्यातही करवतीच्या भुशात जाणारा भाग वजा करावा लागतो.

व्हाइट ओक, रेड ओक आणि ‘रिकॉन ओक’ यांत काय फरक आहे?

व्हाइट ओक अमेरिकेतून आणि त्याच्याशी मिळतेजुळते ओक युरोपातून येते. त्याचा रंग फिकट गव्हाळ ते मातकट तपकिरी असतो. रेड ओक नावाप्रमाणे लालभडक नसते, त्यावर किंचित गुलाबी झाक असते. खरा फरक आतल्या रचनेत आहे. व्हाइट ओकच्या गाभ्यातल्या नलिका आतून बुजलेल्या असतात, म्हणूनच दारूची पिंपे त्याची करतात. रेड ओकच्या नलिका इतक्या मोकळ्या असतात की छोट्या तुकड्याच्या एका टोकाने फुंकर मारली तर ती दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. अर्ध्या मिलिमीटरच्या व्हिनिअरमध्ये या गुणाचा फारसा उपयोग उरत नसला, तरी पॉलिश आणि रंग रेड ओकमध्ये अधिक गडद मुरतात, हे नमुना निवडताना लक्षात ठेवावे.

‘रिकॉन’ म्हणजे पुनर्रचित व्हिनिअर. पॉप्लर किंवा आफ्रिकेतले अयूस यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या झाडांचे काप रंगवून, एकावर एक चिकटवून त्यांचा ठोकळा करतात आणि तो ठोकळा पुन्हा कापून ओकसारख्या रेषा मिळवतात. ते खरे लाकूड असते, पण त्यात ओक नसते. प्रत्येक शीट सारखी निघते, हा त्याचा मोठा गुण आहे. एका मोठ्या भिंतीवर शांत, एकसारखा पृष्ठभाग हवा असेल तर ते मुद्दाम निवडावे. माझी हरकत फक्त त्याच्या नावाला आहे. दरपत्रकात नुसते ‘ओक व्हिनिअर’ लिहिलेले असेल, तर ते नैसर्गिक आहे की रिकॉन, हे बिलावर स्पष्ट लिहून घ्यावे. या लेखात इतर ठिकाणी सांगितलेले ओकचे रासायनिक गुणधर्मही रिकॉनला जसेच्या तसे लागू होत नाहीत.

दुकानात क्राउन, क्वार्टर आणि रिफ्ट असे प्रकार सांगतात. एकाच लाकडाचे इतके वेगळे रूप कसे?

ओंडका कोणत्या कोनातून कापला, यावर हे रूप ठरते. ओंडका उभा अर्धा करून, चिरेला समांतर काप काढत गेले की मधोमध एकात एक बसलेल्या कमानी आणि दोन्ही कडांना सरळ रेषा मिळतात. तो क्राउन कट. ओंडक्याचे चार भाग करून वाढीच्या वलयांना साधारण काटकोनात कापले की सरळ उभ्या रेषा मिळतात. तो क्वार्टर कट.

ओकचे वैशिष्ट्य इथेच दिसते. या झाडात गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या इतर बहुतेक लाकडांपेक्षा खूप मोठ्या असतात. क्वार्टर कटमध्ये पाते या पट्ट्यांना समांतर जाते आणि पृष्ठभागावर रेशमासारखे चमकणारे, आडवेतिडवे ठिपके नि ओघळ उमटतात. पुष्कळ ग्राहक हा दोष समजून शीट परत करतात, हे पाहून वाईट वाटते, कारण युरोपातल्या जुन्या कारागिरांनी हीच चमक मिळावी म्हणून मुद्दाम तसे लाकूड चिरून घेतलेले आहे. ती नकोच असेल, तर रिफ्ट कट घ्यावा. त्यात पाते त्या पट्ट्यांशी थोडा कोन ठेवून चालवतात, त्यामुळे रेषा सरळ राहतात आणि चमकीचे ठिपके जवळजवळ नाहीसे होतात. रिफ्टमध्ये ओंडक्याचा उतारा कमी मिळतो, म्हणून तो सहसा महाग असतो.

छोट्या खोलीत चारही बाजूंना क्राउन कट लावला, तर कमानींची गर्दी होते. माझ्या मते मोठ्या कपाटांना सरळ रेषांचा कट घ्यावा आणि कमानी पलंगाच्या पाठीसारख्या एखाद्याच जागेसाठी राखून ठेवाव्यात.

नमुन्याचा तुकडा पाहून ऑर्डर दिली तर चालते का?

चालत नाही. हातातला वीतभर तुकडा एका झाडाचा असतो आणि घरी येणारी शीट दुसऱ्या झाडाची असू शकते. गोदामात जाऊन पूर्ण शीट उभ्या करून, शक्यतो दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. एकाच ओंडक्यातून ओळीने निघालेल्या कापांचा एक गठ्ठा असतो, त्याला बंडल म्हणतात. संपूर्ण खोलीसाठी लागणाऱ्या शीट एकाच बंडलमधल्या आणि लागोपाठच्या क्रमांकाच्या घ्याव्यात. क्रमांक मागच्या बाजूला नसेल तर खडूने स्वतः घालावा. पृष्ठभागावर ओल्या कापडाचा एक हात फिरवला की पॉलिशनंतरचा रंग अंदाजे कसा येईल, हेही तिथल्या तिथे कळते.

शीट किती लागतील, याचा हिशेब क्षेत्रफळावरून करता येतो का?

नुसत्या क्षेत्रफळावरून करू नये. ७ फूट उंच आणि १८ इंच रुंद अशा चार शटरचे कपाट घेऊ. क्षेत्रफळ ४२ चौरस फूट होते आणि एक शीट ३२ चौरस फुटांची असते, म्हणून सव्वा-दीड शीट पुरेल असे वाटते. प्रत्यक्षात रेषा उभ्या ठेवायच्या असल्यामुळे एका शीटच्या रुंदीतून दोनच शटर निघतात आणि पूर्ण दोन शीट, म्हणजे ६४ चौरस फूट माल लागतो. उरलेल्या १२ इंच रुंद उभ्या पट्ट्या ड्रॉवरच्या दर्शनी भागांसाठी वापरता येतील, अशी आखणी आधीच केली तर नासाडी टळते. याशिवाय त्याच बंडलमधली एक शीट जास्तीची घेऊन ठेवावी. पुढे एखादे शटर खराब झाले, तर तशी जुळणारी शीट बाजारात पुन्हा मिळत नाही.

साग चांगला की ओक?

हा प्रश्न अखंड लाकडाबाबत विचारला, तर महाराष्ट्राच्या हवेत उत्तर सागाच्या बाजूने झुकते. सागात नैसर्गिक तेल असते, तो ओलाव्याने कमी हलतो, आणि वाड्यांच्या खांबा-तुळयांनी त्याची परीक्षा केव्हाच घेतलेली आहे. व्हिनिअरच्या बाबतीत मात्र वरचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि टिकाऊपणा त्याच्याखालच्या प्लायवर, गोंदावर आणि पॉलिशवर अवलंबून असतो. ओकचा कठीणपणाही इथे उपयोगी पडत नाही, कारण जड वस्तू पडली तर खालचे मऊ प्लाय दबते आणि पापुद्रा त्याच्याबरोबर खचतो. त्यामुळे निवड दिसण्यावरून करावी. ज्या घरात आजोबांच्या वेळचे सागवानी कपाट किंवा झोपाळा आहे, तिथे त्याच खोलीत ओक आणण्यापूर्वी दोन्हींचे नमुने शेजारी ठेवून पाहावेत. फिकट ओकशेजारी जुना साग फार तांबडा दिसू लागतो.

काम चालू असतानाच ओकवर निळे-काळे ठिपके का पडतात?

ओकविषयीच्या तक्रारींत ही सर्वांत जास्त येते आणि ती पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे. ओकच्या लाकडात टॅनिन, म्हणजे झाडातले नैसर्गिक तुरट द्रव्य, भरपूर असते. टॅनिनला लोखंड आणि ओलावा एकदम भेटले की काळानिळा पदार्थ तयार होतो. आपल्याकडे टॅनिनयुक्त हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र करून काळी शाई करत, तिच्यामागे हीच क्रिया होती. युरोपात त्यासाठी ओकच्या झाडावरच्या गाठी वापरत. आपल्या बाळगुटीतले मायफळ ही ओकच्याच एका जातीवरची अशी गाठ असते, त्यामुळे या झाडाची तुरट चव कित्येक मराठी घरांना नकळत परिचित आहे.

आता कामाच्या जागेचा विचार करावा. खिडकीत ग्रिलचे काम चालू असते, ग्राइंडरच्या ठिणग्यांबरोबर लोखंडाचा बारीक चुरा उडून उघड्या व्हिनिअरवर बसतो, त्या वेळी काहीच दिसत नाही, आणि पावसाळी रात्रीनंतर सकाळी सगळ्या शटरवर काळे ठिपके उमटलेले असतात. शीट चिकटेपर्यंत धरून ठेवायला ठोकलेले तात्पुरते खिळे, त्यांच्या भोकांभोवतीचे वलय, साफसफाईला वापरलेल्या लोखंडी तारेच्या घासणीचे तुटलेले धागे, गंजलेल्या डब्यातले पाणी, हे सगळे तेच करतात. ओले सिमेंट आणि चुना यांचे शिंतोडेही ओकला गडद करतात, कारण अल्कलीशीही टॅनिनची क्रिया होते.

उपाय सोपा आहे. वेल्डिंग, ग्राइंडिंग, प्लास्टर आणि पुट्टी संपल्यावरच ओकची शीट घरात आणावी, ती लागल्यावर सीलरचा, म्हणजे पॉलिशखालच्या अस्तराचा, पहिला हात शक्य तितक्या लवकर द्यावा आणि तोपर्यंत ती झाकून ठेवावी. डाग पडलाच, तर ऑक्झॅलिक आम्लाचे पाण्यातले सौम्य द्रावण कापसाने लावून लोखंडाचा डाग काढता येतो. हे आम्ल विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालावा, मुलांना दूर ठेवावे, नंतर तो भाग स्वच्छ पाण्याच्या कापडाने दोन-तीनदा पुसून पूर्ण वाळू द्यावा आणि तो वाळल्यावर घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ देऊ नये. पॉलिश झाल्यानंतर हा उपाय लागू पडत नाही, कारण डाग थराखाली अडकलेला असतो.

‘स्मोक्ड ओक’ म्हणजे धुरी दिलेले लाकूड का?

नाव तसे असले तरी यात धूर नसतो. बंद खोलीत ओकला अमोनियाच्या वाफा देतात, त्या टॅनिनशी क्रिया करतात आणि लाकूड आतून तपकिरी ते गडद चॉकलेटी होते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव्ह स्टिकली यांच्या फर्निचरमुळे ही पद्धत विशेष नावाजली. रंग वरून चढवलेला नसल्यामुळे ओरखडा पडला तरी खालून पांढरे लाकूड उघडे पडत नाही. प्रत्येक झाडात टॅनिन कमी-जास्त असल्याने शीटगणिक छटा बदलते. ज्यांना तंतोतंत एकच छटा हवी आहे, त्यांनी हा प्रकार घेऊ नये.

ओकला कोणते पॉलिश करावे?

आधी पोत ठरवावा आणि मग पॉलिश. ओकच्या प्रत्येक वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग असते आणि बोट फिरवल्यावर जी खरखर जाणवते ती तिचीच. ही छिद्रे फिलरने बुजवून वर आरशासारखे चकचकीत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिश, चढवले, तर उत्तम दर्जाचा पृष्ठभाग मिळतो, पण मग तो ओकचा राहत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. छिद्रे उघडी ठेवणारे, मॅट प्रकारचे पॉलिश, ज्याला कारागीर ओपन पोअर म्हणतात, ते या लाकडाला सर्वांत शोभते.

मेलामाइन पॉलिश स्वस्त आणि कठीण असते, पण ते लावताना आणि नंतर काही दिवस तीव्र वास येतो. पीयू पाणी आणि डाग अधिक चांगले सोसते. सॉल्व्हंट असलेली बहुतेक पॉलिशे ओकला थोडा पिवळसर उबदारपणा देतात. कच्च्या लाकडाचा फिकट रंग तसाच राखायचा असेल, तर पाण्यावर आधारित, न पिवळणारे मॅट पीयू घ्यावे. मात्र पाण्यामुळे टॅनिन वर येऊन तपकिरी छटा पडू शकते, म्हणून त्याच कंपनीचा योग्य सीलर आधी लावणे आवश्यक आहे. कोणतेही पॉलिश निवडले, तरी त्याच शीटच्या तुकड्यावर सर्व हात देऊन तयार केलेला नमुना पाहूनच होकार द्यावा.

घासण्याच्या कामाकडे स्वतः लक्ष द्यावे. २२० नंबरचा किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर, रेषांच्याच दिशेने, हलक्या हाताने चालवावा. मशीन एका जागी क्षणभर जास्त रेंगाळले तर पापुद्रा फाटून खालचे प्लाय दिसू लागते आणि त्याला इलाज नाही.

काळानुसार ओकचा रंग बदलतो का?

बदलतो. उजेडाने ओक हळूहळू अधिक सोनेरी, मधाळ होते. न पिवळणारे पॉलिश स्वतः पिवळे होत नाही, पण खालच्या लाकडाचा बदल ते पूर्ण थांबवू शकत नाही. नव्या पॅनेलवर पहिले काही महिने मोठी फ्रेम एकाच जागी टांगून ठेवू नये.

शटर वाकू नयेत म्हणून काय करावे?

शटरच्या दोन्ही बाजूंचा तोल सांभाळावा. पुढे ४ मिलिमीटरचे व्हिनिअर प्लाय आणि मागे कागदासारखे पातळ लॅमिनेट लावले, तर दोन्ही बाजू ओलावा वेगवेगळ्या प्रमाणात घेतात आणि शटर धनुष्यासारखे होते. पैसे वाचवण्यासाठी हे सर्रास केले जाते. मागेही तितक्याच जाडीचे साधे व्हिनिअर प्लाय लावावे आणि पॉलिशचे हात दोन्ही बाजूंना सारखे द्यावेत. उंच शटरसाठी चांगल्या प्रतीचा ब्लॉकबोर्ड प्लायपेक्षा सरळ राहतो.

कडांना टेप लावावी की लाकडाची पट्टी?

जिथे रोज हात लागतो, तिथे ओकच्या लाकडाची ५-६ मिलिमीटरची पट्टी, म्हणजे लिपिंग, करावी. पट्टी आधी लावून तिच्यावरून व्हिनिअर नेले तर समोरून सांधा दिसत नाही, पण पापुद्र्याची कड उघडी राहून टवके उडतात. व्हिनिअर आधी आणि पट्टी नंतर लावली तर बारीक रेष दिसते, पण कड सुरक्षित राहते. मुले असलेल्या घरात दुसरी पद्धत अधिक चांगली. आतल्या फळ्यांना व्हिनिअरची टेप पुरते.

स्वयंपाकघरात आणि देवघराला ओक व्हिनिअर वापरावे का?

स्वयंपाकघरात वरच्या कपाटांना चालते, मात्र शेगडीच्या अगदी शेजारी आणि सिंकच्या खाली वापरू नये. तिथे लॅमिनेटच योग्य. देवघर ओकचे फार सुंदर दिसते, परंतु निरांजनाची ज्योत, कापराची काजळी, अभिषेकाचे पाणी, हळदकुंकू यांचा विचार आखणीतच व्हायला हवा. देव बसवायची पाटी संगमरवराची किंवा ग्रॅनाइटची करावी, समईच्या वर भरपूर मोकळी जागा सोडावी आणि मागच्या फळीला काच किंवा पितळी पत्रा लावावा.

कोकणात, गोव्यात किंवा पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर पॅनेल करायचे असेल, तर आधी भिंतीची ओल थांबवावी. ओल झाकण्यासाठी पॅनेल लावले, तर वर्षभरात बुरशीचा वास येऊ लागतो. आतले प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचे, म्हणजे मरीन प्रतीचे घ्यावे. सजावटी व्हिनिअर प्लायसाठी स्वतंत्र भारतीय मानक आयएस १३२८ आहे, त्याची खूण विचारावी.

वाळवी आणि किडे ओकला लागतात का?

वाळवी वरच्या पापुद्र्यापेक्षा आतल्या प्लायकडे वळते, म्हणून प्लाय प्रक्रिया केलेले असणे आणि भिंतीला वाळवीप्रतिबंधक फवारणी झालेली असणे महत्त्वाचे. ओकच्या सालीजवळच्या फिकट लाकडाला बारीक भुसा पाडणारे पोखरकिडे लागू शकतात. अखंड ओकच्या पट्ट्या घेताना असे लाकूड नाकारावे.

रोजची निगा कशी ठेवावी आणि फुगा आला तर काय करावे?

मऊ सुती कापडाने धूळ पुसणे पुरेसे आहे. तेलकट हात लागले असतील, तर पिळून घेतलेल्या ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. काच पुसण्याचे अमोनियायुक्त द्रव ओकवर फवारू नयेत. शेजारची काच पुसायची असेल तर द्रव कापडावर घ्यावा.

पापुद्रा एखाद्या ठिकाणी फुगला तर तो कापून टाकू नये. धारदार ब्लेडने रेषेच्या दिशेने बारीक चीर द्यावी, इंजेक्शनच्या सिरिंजने थोडा पांढरा गोंद आत सोडावा, बाहेर आलेला गोंद ओल्या कापडाने लगेच पुसावा, वर मेणकागद आणि सपाट लाकडी ठोकळा ठेवून रात्रभर क्लॅम्प किंवा जड वजन द्यावे. फुगा ताजा असेल आणि शीट पांढऱ्या गोंदाने चिकटवलेली असेल, तर कापड मध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवली तरी तो पुष्कळदा बसतो, कारण हा गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो. इस्त्री मात्र अगदी कमी तापलेली असावी आणि आधी कपाटाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात पॉलिशवर तिचा परिणाम तपासून घ्यावा.